पाहुणं पाणी

आमच्या सरांपुढे ‘सुकं’ म्हणायची सोय नव्हती. कोणाच्या तोंडून निघालंच, तर सर हातातलं काम टाकून कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवत. म्हणणाऱ्याने उठायचं, पेलाभर पाणी ओतून घ्यायचं आणि सरांच्या देखत उभ्याउभ्या संपवायचं. हाच दंड. ‘कोरडं’ म्हटलं तरी तोच. ‘वाळलेलं’ म्हटलं तर अर्धा पेला, कारण वाळणं निदान चालू असतं, संपत नाही. पण ‘सुकं’ म्हणजे धडधडीत खोटं, असं सरांचं म्हणणं.

“जगात सुकं काही नसतं,” ते सांगत. “पापडात पाणी आहे, तुरीच्या डाळीत आहे, तू बसलीस त्या लाकडी स्टुलात आहे. दिसत नाही म्हणून नाही म्हणता? उद्या म्हणाल, सरांना अक्कल नाही.”

‘ते तर म्हणतोच आम्ही,’ असं मी मनात म्हणे. मनात एवढ्याचसाठी, की तेव्हा मी नवी होते. पुढे तोंडावर म्हणायला लागले, कारण माझी जीभ काही फार दिवस दाताआड राहणारी नव्हे.

एका दिवाळीला आमचे प्राचार्य स्वतः डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. अर्थशास्त्राचा माणूस, स्वभावाने गरीब. “सर, थोडा सुकामेवा आणलाय,” म्हणाले. झालं! सरांचं बोट माठाकडे. प्राचार्यांना वाटलं, पाहुणचार चाललाय. “नको, तहान नाही,” म्हणाले. “तहानेचा प्रश्नच नाही,” सर म्हणाले, “शब्दाचा आहे.” आमचा शिपाई नाना तोंडात रुमाल कोंबून दाराआड गेला. प्राचार्य बिचारे पाणी प्यायले, आणि तेव्हापासून कॉलेजात त्या वस्तूला ‘काजू-बदाम वगैरे’ म्हणायची पद्धत पडली.

ही सगळी नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याकडच्या खेड्यातली. एम.एस्सी. होऊन जळगावला मावशीकडे राहून सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय ऐकून घरचे चक्रावले होते. चुंबकात अन्न ठेवायचं आणि त्यातलं पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांनी विषय दोनदा समजावून घेतला आणि मग मावशीला विचारलं, “ही पोर बरी शे ना?”

यंत्र होतं मुंबईकडच्या एका मोठ्या संस्थेचं. तिथे नवं आल्यावर हे अडगळीत पडलं. सरांनी ते मागून घेतलं, दोन वर्षांच्या बोलीवर, उसनं. त्याच्याबरोबर स्वतःही आले, म्हणजे तेही उसनेच. यंत्र दिसायला अगदी गबाळं. एक लोखंडी पेटी, तिच्या पोटात जाडजूड चुंबक, वर एक भोक. काचेच्या नळीत पदार्थाचा तुकडा घालून ती नळी भोकातून आत सोडायची. शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटायची, उंचावरून सुरू होऊन घसरत खाली येणारी. त्या घसरण्यात सगळी मेख होती.

“पाण्याच्या कणाकणात बारीक होकायंत्रं आहेत असं समज,” सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. “चुंबकात आली की सरळ उभी राहतात. रेडिओलहरीचा एक टोला दिला की कलंडतात आणि कुरकुर करायला लागतात. ती कुरकुर आपण ऐकतो. जे पाणी पिठाला, साखरेला धरून बसलंय, त्याची कुरकुर चटकन थांबते. जे मोकळं हिंडतंय, त्याची लांबत जाते. घरचा माणूस चहा पितो आणि कामाला लागतो. पाहुणा गप्पा मारत बसतो. म्हणून एक घरचं पाणी आणि दुसरं पाहुणं पाणी.”

पुस्तकात यांना दुसरी भारदस्त नावं होती. मी तीच वापरत होते, पण परीक्षकांसमोर पहिल्याच मिनिटाला माझ्या तोंडून ‘पाहुणं पाणी’ निघालं आणि पुढची सगळी चर्चा त्याच भाषेत झाली. ते पुढचं पुढे.

चुंबकाचं सोवळं फार कडक. दाराशी वेताची टोपली ठेवलेली. किल्ल्या, पिना, आकडे, बॅज, जे लोखंडाचं ते टोपलीत. मी पहिल्या दिवशी मावशीची साडी नेसून गेले होते, तिच्या निऱ्यांना आणि पदराला मिळून एवढ्या सेफ्टी पिना, की त्या काढल्यावर साडी काही माझी राहिली नसती. मी तशीच मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशीपासून पंजाबी ड्रेस. हातात मात्र मावशीच्या सोन्याच्या दोन बांगड्या होत्या, त्यांना सर काही म्हणाले नाहीत. “सोन्याला चुंबक विचारत नाही,” म्हणाले. “म्हणून जळगावात ते सुखी आहे.”

सर स्वतः कोकणातले. जिथे घराच्या भिंतीसुद्धा पाणी धरतात तिथला हा माणूस आमच्या वैशाखात येऊन पडला, आणि तरी पाण्यावरच बोलत राहिला. एकटे. कॉलेजच्या मागे खोली घेऊन राहत. त्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक वळकटी. ही वळकटी म्हणजे एक प्रकरण होतं. दर सकाळी सर गादी, रजई, उशी सगळं गुंडाळून आगगाडी पकडायची असल्यासारखा पट्टा आवळून ठेवायचे. दर रात्री सोडायचे. दोन वर्षांची बोली कधीच उलटून गेली होती. दर साली संस्थेकडून मुदत वाढून यायची आणि सर दर सकाळी पट्टा आवळायचेच.

“रोज कशाला बांधता हो, सर?” मी एकदा विचारलं.

“मी इथे पाहुणं पाणी,” ते म्हणाले. “ऊन लागलं की पहिलं उडून जाणारं. घरच्या पाण्याचं वेगळं असतं. ते उन्हाने जात नाही. ते काढायचं तर घरच जाळावं लागतं.”

हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला काही ते आवडलं नाही. मी म्हटलं, “मग निदान उशी तरी बाहेर ठेवत जा.”

मावशी त्यांना अधूनमधून डबा पाठवायची. हिवाळ्यात एकदा कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन ती स्वतःच आली. सरांनी डबा उघडला, वास घेतला, डोळे मिटले, आणि चिमूटभर भरीत काचेच्या नळीत भरायला घेतलं. मावशी बघतच राहिली.

“खाय ना भाऊ! ते नळीमा काय घाली ऱ्हायना?”

“अक्का, आधी त्याचं म्हणणं ऐकू, मग खाऊ.”

“भरीतनं म्हननं एकच ऱ्हास,” मावशी म्हणाली, “गार व्हवाना आत खाई ले.”

सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं, ‘भरीताचं म्हणणं एकच असतं, गार व्हायच्या आत खाऊन घे.’ आमच्या फळ्यावर समीकरणांच्या शेजारी ते कितीतरी महिने होतं.

आता त्या पाणाड्याच्या घोटाळ्याकडे येते, कारण सरांचं आणि माझं, दोघांचंही पुढचं सगळं त्यातून निघालं. नाना शिपायाला चहाच्या गाडीवर फुशारकी मारायची सवय. “आमचे सर चुंबकाने आतलं पाणी पाहतात. न फोडता, न कापता.” इतकं खरंच होतं. पण कशाच्या आतलं, ते सांगायला नाना विसरला. सावद्याच्या एस.टी.ने ही बातमी पूर्वेकडे नेली.

आणि एक दिवस सावद्याकडचे एक केळीवाले शेतकरी दारात उभे. डोक्याला टोपी, हातात नारळ. आम्ही पुढे त्यांना भाऊच म्हणायला लागलो. घरचे बरे होते, केळीच्या बागा, शिवाय केळी पिकवायची स्वतःची वखार. नवीन जमीन घेतली होती आणि तिथे विहीर कुठे खणावी हा प्रश्न होता.

“ते पानी पाह्यनारं यंतर तुमच्याजोळच हाये ना सर?” भाऊंनी विचारलं. “नारळ मी घेऊन आलो. कडुलिंबाची काडी लागत असंल तं सांगा.”

नारळ तळहातावर धरून जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे सरांना माहीत असावेत, कारण ते एकदम लाल झाले.

“मी पाणाड्या नाही! जमिनीशी माझा काही संबंध नाही! मी डाळीतलं पाणी बघतो, भाकरीतलं बघतो, केळ्यातलंसुद्धा बघीन, पण विहिरीचं मला काही विचारू नका!”

भाऊ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मंग केयातलंच पाहा आधी. ते जमलं का जमिनीतलं पाहू. मले घाई नाही.” नारळ टेबलावर ठेवून ते निघाले, आणि दारातून वळून म्हणाले, “पन एक सांगून ठेवतो सर. आमच्याकडं पानाड्याले एकदा नारळ देला, का पानी लागल्याबिगर त्यानं गाव सोडाचं नसते. आमी त्याले जेवू घालतो. आता तुमी आमचे.”

“अहो, मी पाणाड्या नाही!” सर ओरडले. पण भाऊ जिना उतरून गेले होते. पुढच्या आठवड्यात केळीच्या फण्या आल्या, कच्च्या, अर्ध्या पिकल्या आणि पिवळ्याजर्द. सरांनी चिडून एक तुकडा नळीत टाकला. संध्याकाळी ते पडद्यासमोरून उठायला तयार नव्हते.

कारण केळं पिकताना आत मोठी गंमत चालते. पिठाची साखर होते, आणि साखर पाणी ओढते. ते पाणी येतं कुठून, तर सालीतून. साल आपलं पाणी गराला देत जाते. म्हणून पिकल्या केळ्याची साल पातळ होते आणि गर मऊ. बाहेरून आपल्याला नुसता रंग बदललेला दिसतो, पण पडद्यावरच्या रेघेत ते पाणी या घरातून त्या घरात चाललेलं दिसायचं.

“ही साल म्हणजे मुलीचा बाप,” सर म्हणाले. “देत जातो, देत जातो, आणि शेवटी अंगावर काळे ठिपके.”

मला दादा आठवले. मग माझा विषय तोच ठरला, केळं पिकताना त्यातल्या पाण्याचा प्रवास.

दादा बाप म्हणून चांगलेच होते, पण भाऊबंद त्यांना टोचत होते. पोरगी घोडनवरी झाली, अजून केळी काय बघते, वगैरे. शेवटी त्यांनी माझ्यापुढे एक अट घातली. “यंत्र शे तवलोंग शिक. यंत्र गयं का मंग मी कोनंच आयकाव नही. बोहल्यावर उभं ऱ्हावानं.” मी हो म्हटलं. यंत्र कुठे जातंय, असं मला वाटत होतं.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात प्राचार्यांच्या खोलीत फोन आला. संस्थेचे मोठे साहेब स्वतः येणार होते. जळगावच्या उन्हात यंत्र नीट चालत नाही असं त्यांच्या कानावर गेलं होतं. तसं असेल तर यंत्र परत न्यायचं, आणि सरांनाही. माझं निम्मं काम व्हायचं होतं. मुंबईला जाऊन राहायला घरून कोणी पाठवणार नव्हतं. म्हणजे यंत्र गेलं की माझं शिक्षण गेलं, आणि मांडव उभा. मी त्या रात्री जेवले नाही. मावशी म्हणाली, “बठ्ठं ठीक व्हई पोर,” आणि तीही जेवली नाही.

वाईट म्हणजे साहेबांच्या कानावर गेलेलं खरं होतं. चुंबक गरम झालं की लहरी होतं. सकाळी एक सांगतं, दुपारी दुसरं. आणि आमच्याकडे वैशाखात दुपार सकाळीच सुरू होते. सरांनी आधी माझा पंखा चुंबकाला दिला. मग स्वतःचा. मग प्राचार्यांचा वाळ्याचा कूलर. प्राचार्य घाम पुसत म्हणाले, “सर, मी काय करू?” सर म्हणाले, “तुम्ही लहरी झालात तर कॉलेज चालतं.” चुंबकाभोवती ओली पोती लावली. तरी दुपारी हिरवी रेघ डुलायची. साहेब यायला थोडेच दिवस उरले होते, आणि सर खुर्चीत डोकं धरून बसले होते. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते, म्हणून मी नानाशी भांडले.

तेवढ्यात भाऊ केळी घेऊन हजर. काय झालं ते त्यांनी नानाकडून ऐकून घेतलं आणि खो खो हसले.

“चुंबकाले ऊन लागते? मंग केयासारखंच हाये म्हना! माह्या वखारीत आना. खाली तयघर हाये. वर वैशाख असला तरी खाली कातिक राह्यते. केयाले मानवते तं तुमच्या चुंबकालेबी मानवंल.”

सर ताडकन उठले. प्राचार्य म्हणाले, यंत्र कॉलेजबाहेर नेता येत नाही. सर म्हणाले, “मग उन्हाळा कॉलेजबाहेर न्या.” प्राचार्यांनी कूलर परत मिळणार या आनंदात परवानगी दिली.

टेम्पो आला. आता चुंबकाला दणके बसू नयेत म्हणून खाली काहीतरी मऊ हवं. नाना गवत शोधायला निघाला. सर खोलीत गेले आणि वळकटी घेऊन आले. पट्टा सोडला, गादी टेम्पोत अंथरली, रजई चुंबकाभोवती गुंडाळली, उशी कडेला खोचली. मी म्हटलं, “आणि तुम्ही कशावर झोपणार?” ते म्हणाले, “खाट आहे की.”

जकात नाक्यावर अडवलं. तिथल्या माणसाला ‘केळ्यातलं पाणी बघायचं चुंबक’ हे काही पटेना. तो रजई बाजूला करून वाकला, आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा टक्क करून पेटीला चिकटला. गोफ मजबूत होता. त्यामुळे माणूसही तिथेच. “अरे सोडवा!” तो ओरडायला लागला. सरांना मात्र चुंबकाचीच काळजी. “ओढू नका, ओढू नका, क्षेत्र बिघडेल!” शेवटी गोफ सोडला, माणूस मोकळा झाला, मग जुडगा हळूहळू सरकवून काढला. त्याने आम्हाला काही न विचारता जाऊ दिलं.

तळघरात खरंच कार्तिक होता. पेंढा, अंधूक दिवा आणि पिकत्या केळ्यांचा गोड वास. चुंबक गादीसकट एका कोपऱ्यात ठेवलं. दोन-तीन दिवसांत ते शांत झालं. हिरवी रेघ अशी स्थिर, की सर तिच्याकडे बघून गुणगुणायला लागले. भाऊंच्या घरून दोन वेळा जेवण यायचं. वहिनी ताट ठेवताना म्हणायच्या, “पानाड्याले वाढा रे आधी,” आणि सर ओरडायचे, “मी पाणाड्या नाही!” आणि दुसऱ्यांदा भाकरी मागून घ्यायचे.

मोठे साहेब आधी कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत यंत्र नाही, आणि रिकाम्या टेबलासमोर नाना गाढ झोपलेला. प्राचार्य त्यांना घेऊन सावद्याला आले. साहेब घामाघूम, कपाळाला आठ्या. तळघराच्या पायऱ्या उतरले आणि पहिल्यांदा त्यांनी मोकळा श्वास घेतला. सर मला म्हणाले, “तू दाखव.”

माझं तोंड लगेच सुरू झालं, तोंडाचं मला कधी भय नाही. मी कच्च्या केळ्याची नळी सोडली, मग अर्ध्या पिकल्याची, मग पिवळ्याची. सालीची वेगळी, गराची वेगळी. घरचं पाणी कुठे, पाहुणं कुठे, सगळं सांगितलं. एका नळीचं मोजमाप साहेबांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं. रेघ हलली नाही. साहेबांच्या आठ्या गेल्या. ते जुने, कसलेले शास्त्रज्ञ होते. चांगलं काम बघून माणसाचा चेहरा कसा उजळतो ते मी तेव्हा पाहिलं.

“उत्तम,” ते म्हणाले. “फारच उत्तम.” मी हवेत. आणि मग ते सरांकडे वळले. “म्हणजे आता तर तुम्हाला इथे ठेवण्यात अर्थच नाही. वातानुकूलित खोली देतो, हाताखाली माणसं देतो. यंत्र घेऊन चला. तुम्ही तर दोन वर्षांसाठी आला होतात, आणि तुमची वळकटी कायम बांधलेली असते म्हणे. उद्याच निघू.”

घ्या! काम वाईट झालं असतं तरी यंत्र जाणार होतं, आणि चांगलं झालं म्हणूनही जाणार. माझ्या कानांत सनई वाजायला लागली. सरांनी चष्मा काढला, पुसला, चुंबकाखालच्या गादीकडे पाहिलं. कोकणातल्या त्या माणसाला उन्हाने किती छळलं होतं ते मला माहीत होतं. हो म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. रडले असते, पण दोष दिला नसता.

पायरीवर उभे असलेले भाऊ खाकरले. “सर,” ते म्हणाले, “तुमी जाता म्हंता, पन मह्या विहिरीचं काय? पानी कुठी लागंल ते तं अजून सांगितलंच नाही तुमी.”

साहेबांना काही कळेना. “कसली विहीर?”

आता सर ओरडणार, म्हणून मी कान झाकले. पण सर ओरडले नाहीत. चष्मा डोळ्यांवर चढवून अगदी गंभीरपणे म्हणाले, “साहेब, मी इथला पाणाड्या आहे. नारळ घेतलाय मी. पाणी लागल्याशिवाय पाणाड्याने गाव सोडायचं नसतं. इथली तशी रीत आहे.”

साहेब हसायला लागले, आणि त्या तळघरात ते हसू असं घुमलं, की वरून वहिनी काय झालं बघायला आल्या. “आणि वळकटी?” साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

“ती चुंबकाखाली आहे. काढायची तर चुंबक हलवावं लागेल.”

“मग राहू दे,” साहेब म्हणाले. “या मुलीचं काम होईतो राहू दे यंत्र. आणि पाणी लागेतो तुम्ही.” वहिनींनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. जाताना जीपमध्ये केळीचा घड होता आणि साहेब पुढे बसून एक केळं सोलून त्याची साल निरखत होते.

माझं काम झालं. परीक्षकांसमोर काय झालं ते मघा सांगितलंच. दादा पदवीच्या दिवशी आले, सरांचे हात धरून म्हणाले, “सर, आमनं सुकं घर...” आणि पुढचं बोलायच्या आत त्यांच्या हातात पेला होता. दादा तो आनंदाने प्यायले. लग्नही झालं, पण माझ्या वेळेला आणि माझ्या पसंतीने, आणि मी धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला लागले. यंत्र काही मुंबईला परत गेलं नाही. साहेबांचं ‘होईतो’ संपलं, हे कोणी बोलून दाखवलंच नाही. सरही गेले नाहीत. दरसाल भाऊ केळी घेऊन यायचे आणि विचारायचे, “सर, पान्याचं काय?” सर म्हणायचे, “बघतोय.” की भाऊ परत.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी सावद्याला जाणं झालं, म्हणून भाऊंच्या घरी डोकावले. वहिनी मळ्यात घेऊन गेल्या. नव्या जमिनीत टोलेजंग विहीर, काठोकाठ पाणी, आणि नातवंडं त्यात धपाधप उड्या मारत होती.

“अरे वा!” मी म्हटलं. “शेवटी लागलं म्हणायचं पाणी. कधी?”

वहिनी माझ्याकडे बघायलाच लागल्या. “कधी काय, बाई? तुमी ते चुंबक घेऊन आले ना, त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात. तुमाले जेवनासंगं देत होतो ते ह्याच विहिरीचं पानी.”

मी तशीच निघाले आणि परतताना जळगावला उतरले. सर निवृत्त होऊन त्याच खोलीत राहत होते. खाटेवर नवी गादी होती, पसरलेली, दिवसाढवळ्या, वर उशी. कोपऱ्यात तोच माठ.

“सर,” मी दारातूनच म्हटलं, “भाऊंची विहीर तेव्हाच भरलेली होती! साहेब आले तेव्हा! तुम्हाला फसवलं त्यांनी.”

“मला कशाला फसवतील?” सर म्हणाले. “वखारीत होतो तोवर मी रोज सकाळी पोहायला जायचो तिच्यात.”

मी मटकन खाटेवर बसले. “तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, पाणी बघणं हाच माझा धंदा. त्याने विचारलं नसतं, तर मला जावं लागलं असतं. म्हणून तो विचारत राहिला, आणि मी बघत राहिलो.”

“एवढी वर्षं!” मी म्हणाले. “म्हणजे दरसाल भाऊ येऊन करायचे ती नुसती कोरडी चौकशी होती म्हणा की!”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात उचलला आणि माठाकडे बोट दाखवलं.

मी उठले, पेला भरून घेतला आणि त्यांच्या देखत, उभ्याउभ्या, सगळं पाणी प्यायले.